तीन गावं, दहा भूमिहीन घरं आणि एक वाक्य

आजचं व्याख्यान एका वाक्यावर आहे. संशोधनाच्या लेखात असं वाक्य इतक्या सहजपणे येतं की आपण ते वाचून पुढे जातो. वाक्य असं: 'तीनपैकी एका गावात भूमिहीन कुटुंबं शेजाऱ्यांपेक्षा कमी सुरक्षित असल्याचा पुरावा दिसतो.' हे शब्द माझे आहेत. निष्कर्ष रॉबर्ट टाउनसेंड यांचा आहे. 'इकॉनोमेट्रिका'मध्ये १९९४ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध लेखाच्या सारांशात तो सापडतो.

आधी पार्श्वभूमी सांगतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं १९७५ पासून कोरडवाहू भागातल्या काही गावांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. टाउनसेंड यांनी त्यातली तीन गावं घेतली: तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातलं औरेपल्ली, आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा. प्रत्येक गावात ४० घरं होती. दहा भूमिहीन, दहा लहान शेतकरी, दहा मध्यम, दहा मोठे. त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जाऊन उत्पन्न, खर्च, मजुरी, आजारपण सगळं लिहून घेतलं. पॅनेल डेटा म्हणजे हेच: तीच माणसं, अनेक वर्षं.

प्रश्न असा होता की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तर त्याच्या ताटातली भाकरी कमी होते का? की उसनवारी, नातेवाईक, सावकार, साठवलेलं धान्य या सगळ्यांमुळे गाव त्याला सावरून धरतं? रिग्रेशनमध्ये एका बाजूला घराचा खर्च ठेवायचा, दुसऱ्या बाजूला घराचं उत्पन्न आणि गावाचा सरासरी खर्च. उत्पन्नाचा सहगुणक शून्य आला, तर गावानं जोखीम पूर्ण वाटून घेतली. तो जितका मोठा, तितकं घर एकटं. टाउनसेंड यांना पूर्ण विम्याचं प्रतिमान सांख्यिकीच्या कसोटीवर नाकारावं लागलं. तरीही ते वास्तवाच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ आहे, असं त्यांनी म्हटलं.

मोठा लेख आहे, त्याबद्दल वाद नाही. माझी टीका त्या एका वाक्यावर आहे. खरं सांगायचं तर त्या वाक्यापेक्षाही, अशी वाक्यं आपण ज्या पद्धतीनं तयार करतो आणि वाचतो, तिच्यावर. टाउनसेंड यांनी निदान 'एका गावात' एवढी मर्यादा सांगितली. आपण पुढे ती गाळतो आणि 'भूमिहीनांना विमा नाही' किंवा 'गाव सगळ्यांना सांभाळतं' यापैकी सोयीचं तेवढं उचलतो.

पहिली गोष्ट वजाबाकीची. आकडे काल्पनिक घेऊ. भूमिहीनांसाठी उत्पन्नाचा सहगुणक ०.३०, प्रमाण त्रुटी ०.१२. भागाकार २.५, म्हणजे सार्थक. तक्त्यात तारा लागला. जमीनवाल्यांसाठी ०.१४, प्रमाण त्रुटी ०.०९. भागाकार साधारण १.५६, तारा नाही. आता बहुतेक जण काय लिहितात? 'भूमिहीनांवर परिणाम होतो, जमीनवाल्यांवर होत नाही, म्हणजे दोघांत फरक आहे.' थांबा. फरक ०.१६ आहे. दोन अंदाज परस्परांपासून स्वतंत्र धरले, तर त्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.१५ येते. भागाकार १.०७. म्हणजे ज्या फरकावर अख्खा निष्कर्ष उभा आहे, त्याला तारा नाहीच!

अँड्र्यू गेलमन आणि हाल स्टर्न यांनी २००६ साली लेखाच्या शीर्षकातच हे सांगितलं होतं: 'सार्थक' आणि 'असार्थक' यांच्यातला फरक स्वतः सार्थक असेलच असं नाही. आणि ही काही विद्यार्थ्यांची चूक नाही बरं का. २०११ साली मेंदूविज्ञानातल्या लेखांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. ज्या १५७ लेखांत ही चूक होण्याजोगी तुलना होती, त्यांतल्या ७९ लेखांत ती झालेली होती. निम्म्याहून जास्त. मीही केली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून मी तारे मोजले आणि निष्कर्ष लिहून मोकळा झालो.

मग करायचं काय? दोन्ही गट एकाच समीकरणात घ्यायचे आणि उत्पन्नाला 'भूमिहीन आहे का' या डमीनं गुणायचं. त्या गुणाकाराच्या पदाचा सहगुणक हाच फरक, आणि त्याची प्रमाण त्रुटी समोरच मिळते. पॅनेलमध्ये प्रत्येक घराचा फिक्स्ड इफेक्ट असतो, त्यामुळे नुसती 'भूमिहीन' ही डमी त्यात विरघळून जाते. गुणाकाराचं पद मात्र टिकतं, कारण उत्पन्न वर्षागणिक बदलतं. शिवाय एकाच गावात एकाच वर्षी पाऊस हुकतो, तो दोन्ही गटांसाठी हुकतो. अशा वेळी दोन्ही अंदाजांतल्या चुका सुट्या राहत नाहीत, आणि माझी वरची ०.१५ सुद्धा डोळे मिटून घेता येत नाही.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची जागा. वर्षाच्या डमींचं काय करायचं? त्या दोन्ही गटांना सामायिक ठेवायच्या, की प्रत्येक गटाला वेगळ्या? पुष्कळ जण हा तांत्रिक तपशील समजतात. तसा तो नाही. गटांसाठी वेगळी वर्षं धरली, म्हणजे नमुना दोन भागांत तोडला, की भूमिहीन घराची तुलना फक्त इतर भूमिहीन घरांशी होते. मग प्रश्न होतो: भूमिहीन एकमेकांना सावरतात का? वर्षं सामायिक ठेवली, तर तुलना अख्ख्या गावाशी. मग प्रश्न होतो: गाव भूमिहीनांना सावरतं का? समजा दुष्काळात सगळ्या मजुरांचं काम एकदमच गेलं आणि सगळ्यांचा खर्च सारखाच घटला. पहिल्या गणितात ती घट वर्षाच्या डमीत जाते, आणि ते एकमेकांना छान सांभाळतात असं दिसू शकतं. उपाशी सगळे मिळून राहिले, तर त्याला विमा म्हणायचं का? हा निर्णय सॉफ्टवेअर करत नाही, आपण करतो. तो वाचकाला सांगायला हवा.

दुसरी अडचण सरासरीची. मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी १९९७ साली त्याच नियतकालिकात टाउनसेंड यांच्या अंदाजपद्धतीवर टिप्पणी लिहिली. मुद्दा सोप्या शब्दांत असा: खर्चातून गावाची सरासरी वजा केली, पण उत्पन्न तसंच ठेवलं, तर उत्पन्नाचा सहगुणक मुळापेक्षा लहान येतो. कारण उत्पन्नात गावाचा सामायिक चढउतारही असतो. उत्पन्नाच्या चढउतारातला निम्मा वाटा सामायिक असेल, तर ०.२० च्या जागी ०.१० दिसेल. म्हणजे विमा आहे त्यापेक्षा चांगला भासेल. उपाय म्हणजे प्रत्येक गाव आणि वर्ष यांच्या जोडीला डमी द्यायची. मी यात एक भर घालतो. हा सामायिक वाटा सगळ्या गावांत, सगळ्या गटांत सारखा कशाला असेल? शिरापूरची काळी जमीन आणि रब्बी ज्वारी, कानझऱ्याचा कापूस, औरेपल्लीची तांबडी माती. वाटा वेगळा, तर सहगुणकाची घटही वेगळी. खरी संवेदनशीलता सारखी असूनही दोन गटांत फरक दिसू शकतो.

तिसरी अडचण मोजमापाची. मजुराचं उत्पन्न मोजायला तुलनेनं सोपं: किती दिवस काम, किती मजुरी. शेतकऱ्याचं उत्पन्न मोजून बघा. घरचं बियाणं, घरचा चारा, घरची माणसं राबलेली, कणगीतलं धान्य. त्यात चूक जास्त राहणार. आणि उत्पन्नातली अशी सुटी सुटी चूक सहगुणकाला शून्याकडे ओढते. दोन्ही गटांचा खरा सहगुणक ०.२० धरा. मजुरांच्या उत्पन्नाच्या चढउतारात खरा भाग ९० टक्के, शेतकऱ्यांच्या ५० टक्के, असं समजा. अंदाज येतील ०.१८ आणि ०.१०. झाला तयार 'भूमिहीन कमी सुरक्षित' असा निष्कर्ष! फिक्स्ड इफेक्ट्स घेतल्यावर हे बहुधा आणखी बिघडतं. घराघरांतला कायमचा फरक निघून जातो आणि उरलेल्या चढउतारात चुकीचा वाटा वाढतो. इंटरॅक्शनचं पद इथे काही वाचवत नाही. ते फरकाची त्रुटी नीट मोजतं, पण फरक कशाचा आहे हे सांगत नाही.

चौथी गोष्ट आकड्यांची. एका गावात दहा भूमिहीन घरं. दहा वर्षं म्हणून शंभर नोंदी झाल्या, पण स्वतंत्र माहिती शंभरांची नाही. त्याच घराची यंदाची आणि पुढच्या वर्षाची नोंद एकमेकींशी बांधलेली असते, म्हणून घरानुसार क्लस्टर करायला हवं. दहा क्लस्टरवर नेहमीची सूत्रं बहुधा प्रमाण त्रुटी कमी दाखवतात. आणि 'तीनपैकी एका' याचाही हिशेब करा. कुठेच फरक नसताना तीन स्वतंत्र चाचण्या पाच टक्के पातळीवर केल्या, तरी निदान एक 'सार्थक' निघण्याची शक्यता १४ टक्के असते.

पण इथे एक सावधगिरी. उरलेल्या दोन गावांत फरक सापडला नाही, म्हणून तिथे भूमिहीन सुखात होते असं कृपा करून म्हणू नका. दहा घरांत मोठा फरकही हातातून निसटू शकतो. पुरावा नसणं हा समानतेचा पुरावा नव्हे.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, 'मग सर, गटागटानं तुलना करायचीच नाही का?' करायची. करायलाच हवी. गावाची सरासरी चांगली दिसते म्हणून सरकारी मदतीची गरज नाही, असा युक्तिवाद कुणी केला, तर त्याची किंमत कोण मोजतं? सरासरीच्या खाली असलेलाच. गावाला आपोआप सांभाळता येतं, की रोजगार हमीसारखी योजना लागते, हे ठरवताना भूमिहीनांचा सहगुणक हाच खरा प्रश्न आहे. म्हणूनच तो ढिसाळपणे मोजणं परवडत नाही. चुकीच्या वजाबाकीवर उभा केलेला कळवळा पुढच्या टीकाकाराच्या एका टिचकीनं पडतो, आणि त्याच्याबरोबर त्या माणसांचा खरा प्रश्नही पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी दोन रकाने शेजारी दिसले, की तारे मोजू नका. फरक किती, त्याची त्रुटी किती, तुलना कुणाशी आणि दोन्ही गटांत मोजपट्टी एकच होती का, हे विचारा.