दगडावरची नावे आणि हजेरीपट

रस्त्याकडेचा स्मृतिस्तंभ हाही एक लेखनप्रकारच आहे. पण त्याची समीक्षा कोणी करीत नाही. वळणावर दगड दिसतो, त्यावर चार ओळी असतात, एस. टी. पुढे निघून जाते. परभणी जिल्ह्यात, आणि 1999 साली त्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोलीच्या मुलखातही, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील चकमकींची आणि हौतात्म्याची अशी स्मृती जपली जाते. परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात 17 सप्टेंबरला मानवंदना होते. वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाला आहे. त्या त्यागाविषयी मला आदरच आहे. माझा प्रश्न लेखनाविषयी आहे: दगडावर नाव येते ते कोणत्या कागदावरून?

मराठवाड्याला हा प्रकार नवा नाही. गावोगावच्या वीरगळांवर खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्यावर शिवलिंग, माथ्याशी चंद्रसूर्य असतात. बहुतेकांवर अक्षर नाही. गुरे वाचविताना पडलेला तो गडी कोण होता, हे गाव विसरले आणि दगडाला शेंदूर फासून त्याचा देव केला. ज्याचा देव झाला त्याची जात मात्र कोणी विचारीत नाही.

याउलट कोरेगाव भीमाचा स्तंभ. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांत महार होते, हे आपण त्या दगडावरच वाचतो, कारण नावाच्या शेवटी ‘नाक’ आहे. इंग्रजाला समतेचा पुळका आला होता असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रजाने महारांची लष्करभरती बंद केली. पण पलटणीत हजेरीपट होता. पगार द्यायचा तर नाव लिहावेच लागे, आणि जे नाव पगारासाठी लिहिले गेले ते मेल्यावर दगडावर चढले. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले, तेव्हा त्यांच्यापुढे ही लेखी साक्ष उभी होती.

1947-48 च्या गावोगावच्या चकमकींना हजेरीपट कोठला? रात्रीची रानवाट कोणाला ठाऊक होती? वेशीवर पहारा कोणाचा? सांगावा नेणे हे तर महाराचे वतनी काम. तो कोणाचाही असो, नाकारण्याची मुभा त्याला कितीशी होती? त्याने पत्करलेल्या धोक्याला आपल्याकडे ‘वेठ’ म्हणतात, आणि वेठ स्मारकाच्या भाषेत बसत नाही. ‘वीरमरण’ या शब्दाला हाती शस्त्र लागते, निदान तुरुंगाचा दाखला तरी लागतो. पुढे निवृत्तिवेतनाने हीच भाषा पक्की केली. केंद्राच्या योजनेत किमान सहा महिन्यांचा कारावास ही अट. 1980 पासून स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांवर आली. मुदत निम्मी झाली, पण कागद हवाच.

यावर एक ठराविक उत्तर ऐकू येते की दलित निजामाच्याच बाजूला होते. बी. एस. व्यंकटराव मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते, ही गोष्ट खरी. पण निजामाची बाजू घेऊ नका, धर्मांतराला बळी पडू नका, असे हैदराबादच्या अस्पृश्यांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच जाहीरपणे बजावले होते. एका मंत्र्यावरून साऱ्या समाजाची निष्ठा ठरविणारे लोक निजामाच्या सवर्ण देशमुखांना आणि वतनदारांना हा न्याय लावीत नाहीत!

दगड तारीखही निवडून घेतो. 17 सप्टेंबर 1948 ला त्याची गोष्ट संपते. त्यानंतरच्या हिंसेत संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे मेली, बहुसंख्य मुसलमान, असा सुंदरलाल समितीचा अंदाज होता. तो अहवाल लोकांसमोर यायला 2013 साल उजाडले. त्या मृतांसाठी रस्त्याकडेला कोणी दगड रोवला नाही. नामांतराच्या काळात, 1978 साली, याच मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. त्याही आगीच्या खुणा रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाहीत.

म्हणून नवे दगड मागण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांनी वही घ्यावी. स्तंभ असलेल्या प्रत्येक गावी जाऊन त्यावरचा मजकूर अक्षरशः उतरवावा आणि मग वेशीबाहेरच्या वस्तीत बसावे. 1948 साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. त्याला ‘तुमच्यात हुतात्मा कोण?’ असे विचारू नये. त्या रात्री तुमच्या घरातून कोणाला बोलावून नेले आणि तो परत कधी आला, एवढेच विचारावे.