अडीच मीटरवरची वारी

आषाढ जवळ आला की फोनवर वारीचे फोटो यायला लागतात आणि त्यांचे ठळक प्रकार दोनच असतात. एक वरून: ड्रोनने टिपलेली घाटातली पांढरी नदी. दुसरा लांबून: टेलिफोटो लेन्सने ओढून घेतलेला सुरकुतलेला चेहरा, कपाळावर बुक्का, मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. हवेतून घेतलेल्या वारीच्या फोटोंचं अख्खं पुस्तकच आपल्याकडे आहे, उद्धव ठाकरे यांचं ‘पहावा विठ्ठल’. त्यातली ठिपक्यांची रांगोळी मला आजही बघाविशी वाटते. पण ठिपका आणि सुरकुती यांच्या मधे जे अंतर आहे, म्हणजे शेजारून चालणाऱ्याला माणूस जेवढ्या अंतरावरून दिसतो ते, आपल्या फोटोंतून जवळजवळ गायब झालंय.

हा लेख दोन लेन्सबद्दल आहे आणि तो त्या अंतरापासूनच सुरू करावा लागतो. कारण या दोन लेन्स इतक्या सारख्या आहेत की नुसतं त्यांच्याकडे बघून निवड होणारच नाही.

पहिली, फोग्टलेंडर कलर-स्कोपार ३५ मिलिमीटर एफ/२.५, जिच्या नावापुढे ‘पॅनकेक’मधला पी लागतो. दुसरी, झाइस सी बिओगॉन ३५ मिलिमीटर एफ/२.८. दोन्ही लायकाच्या एम माउंटच्या, म्हणजे रेंजफाइंडर कॅमेऱ्याला लागणाऱ्या. दोन्हीत सात भिंगं, पाच गटांत. दोन्हीत अपर्चरची दहा पाती. दोन्ही ७० सेंटिमीटरपेक्षा जवळचं फोकस करत नाहीत. नावं जर्मन आणि ऑस्ट्रियन, पण दोन्ही बनवते जपानमधली कोसिना ही कंपनी, नागानो प्रांतातली. फोग्टलेंडरचं घराणं व्हिएन्नात १७५६ मध्ये सुरू झालं, झाइसचं येनामध्ये १८४६ मध्ये. १९५६ मध्ये झाइसने फोग्टलेंडर विकत घेतली, म्हणजे एके काळी ही दोघं एकाच घरात नांदलीही आहेत. आज पुन्हा एकाच कारखान्यात दोन आडनावांनी राहतात. आडनावाचे पैसे मात्र वेगळे पडतात: झाइस बरीच महाग आहे.

ज्यांनी फक्त फोनने फोटो काढलेत त्यांच्यासाठी रेंजफाइंडरबद्दल थोडं. या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघत नाही. कोपऱ्यातल्या एका छोट्या खिडकीतून बघता. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झालं. फोटोत काय येणार हे खिडकीतल्या पांढऱ्या रेषा दाखवतात, आणि खरी गंमत अशी की रेषांच्या बाहेरचंही दिसत राहतं. फोनच्या स्क्रीनवर माणूस चौकटीत आला की तुम्हाला कळतं. इथे तो येतोय हे आधी कळतं. चालणाऱ्या गर्दीत या अर्ध्या सेकंदाला फार किंमत आहे.

लेन्स छोटी का हवी, याचंही उत्तर याच खिडकीत आहे. लेन्स लांब असेल तर तिचं नाक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात घुसतं आणि दृश्याचा तुकडा खातं. शिवाय रेंजफाइंडरच्या आत आरसा नसतो. एसएलआर कॅमेऱ्यात आरशाला हलायला जागा ठेवावी लागते म्हणून वाइड लेन्स पुढे सरकवून, लांबवून रचावी लागते. इथे मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतं. १९३० च्या दशकात लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी पहिला बिओगॉन रचला तो याच मोकळीकीचा फायदा घेऊन. सरळ रेषा सरळ ठेवायची बिओगॉनची ख्याती तेव्हापासूनची.

आता निवड कशावर करायची? लेन्सची समीक्षा म्हणून जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा विटांच्या भिंतीचा फोटो असतो आणि त्याचे कोपरे मोठे करून दाखवलेले असतात. त्या परीक्षेत झाइस जिंकते. तिचे कोपरे उघड्या अपर्चरलाही नीटस असतात, स्कोपारचे जरा अंधारतात. एफ/२.५ आणि एफ/२.८ मधला फरक एक तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे स्कोपार साधारण पाव पट जास्त प्रकाश आत घेते. त्यावर कुणी निर्णय घेऊ नये. पण वारीत विटांची भिंत कुठेच नसते, आणि चौकटीच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा कुणाचं तरी कोपर असतं.

बारामती ते इंदापूर हा तुकाराम महाराजांच्या पालखीचा टप्पा मी कसोटीसाठी घेतोय, कारण एवढ्या थोड्या वाटेत इतक्या वेगवेगळ्या अंतरांची परीक्षा दुसरीकडे होत असेल असं मला वाटत नाही. बारामती सोडल्यावर काटेवाडीला परीट समाजाची माणसं पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. तिथेच मेंढ्यांचं रिंगण होतं: धनगर आपला कळप पालखीभोवती पळवतात. पुढे सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी आणि मग इंदापूर.

मेंढ्यांच्या रिंगणाचं बघा. मेंढ्या गुडघ्याएवढ्या, पळवणारा माणूस उभा, मधे पालखी, भोवती माणसांची भिंत, आणि तुम्ही त्या भिंतीतलीच एक वीट. हलायला जागा नाही. कळप समोरून जायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात कॅमेरा डोळ्याला लावून दोन प्रतिमा एकमेकींवर बसवत बसलात तर समोर शेवटच्या मेंढीची पाठ उरते. म्हणून इथे फोकस आधीच ठरवून ठेवायचं. पस्तीसची लेन्स, अपर्चर एफ/८, कडं अडीच मीटरवर: मग साधारण १.७ मीटरपासून पावणेपाच मीटरपर्यंतचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. पावसाळी ढगात ४०० च्या फिल्मवर एफ/८ ला सेकंदाचा अडीचशेवा भाग आरामात मिळतो. कळप त्याहून जवळ आला की कडं किंचित फिरवायचं, लांब गेला की उलटं. न बघता.

आणि ‘न बघता’ इथेच या दोन लेन्स वेगळ्या होतात. स्कोपारच्या फोकसच्या कड्याला खालून एक छोटा दांडा आहे, बोटाचं पेर बसेल असा खोलगट. त्याला एका टोकाला नेलं की अनंत, दुसऱ्या टोकाला ७० सेंटिमीटर, मधे कुठेतरी तुमचे अडीच मीटर. एकदोन दिवसांत बोटाला ती जागा पाठ होते. बिओगॉनच्या कड्यावर दांडा नाही, एक उंचवटा आहे. तो हाताला लागतो, पण त्याला शोधावा लागतो, आणि घामेजल्या किंवा पावसाने ओल्या बोटाला तो निसटतो. अपर्चरचंही तसंच. झाइसच्या कड्यावर एक तृतीयांश स्टॉपच्या टिचक्या आहेत, फोग्टलेंडरवर अर्ध्याच्या. टेबलावर बारीक टिचक्या चांगल्या वाटतात. चालताना मोजायला कमी असलेल्या बऱ्या.

हा फरक कुठल्याही आलेखावर उमटत नाही, फोटोतही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की फोटो निघाला की नाही.

वजनाचं म्हणाल तर स्कोपार १३४ ग्रॅमची, झाइस २०० च्या आसपास. साठ-सत्तर ग्रॅमचा हिशेब हास्यास्पद वाटेल, पण कॅमेरा दिवसभर गळ्यात घालून चाला आणि मग बोलू. पुढचा फिल्टर स्कोपारला ३९ मिलिमीटरचा लागतो, झाइसला ४३ चा. घरात जुने फिल्टर पडून असतील तर मोजून घ्या.

उजेडाचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे. वारीतला माणूस फोटोग्राफरच्या दृष्टीने छळवादी असतो: पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि टोपीच्या सावलीत सावळा चेहरा. झाइसचा कॉन्ट्रास्ट करकरीत आहे. ढगाळ दिवशी तो वरदान ठरतो, राखाडी उजेडातही टाळांची पितळ चमकते. पण ढग फाटून ऊन पडलं की तोच करकरीतपणा चेहऱ्याची सावली आणखी गडद करतो. स्कोपारही आधुनिक लेन्स आहे, ती काही आजीच्या काळातली मऊ लेन्स नव्हे. पण तिचा हात किंचित हलका आहे. फरक थोडाच आहे, आणि फिल्मच्या रवाळपणात तर बराचसा बुडतो. तरी दुपारच्या वाटेसाठी मला स्कोपार जवळची वाटते. उलट संध्याकाळी सूर्य समोर आणि पताका मधे अशी वेळ आली की झाइस काढावी. उजेडाकडे तोंड करून ती उभी राहते, डोळे मिचकावत नाही.

आता त्या मधल्या अंतराकडे परत येतो. अडीच मीटरवरून पस्तीसच्या आडव्या चौकटीत साधारण अडीच मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच जागा मावते. म्हणजे एक अख्खा उभा माणूस, त्याच्या दोन्ही बाजूंचे सोबती, कुणाच्या डोक्यावरची तुळस, मागे दिंडीच्या ट्रकचा कोपरा. कोण कुणाबरोबर चालतंय हे कळतं. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीतल्या जातवार वेगळ्या पंक्तींबद्दल लिहिलं, ते त्यांना चालताना, जेवणाच्या वेळी शेजारी बसून दिसलं होतं. ड्रोनला पंक्ती दिसतात, त्या दोन का आहेत ते दिसत नाही. टेलिफोटोला चेहरा दिसतो, त्याच्या ताटाशेजारी कोण बसलंय ते दिसत नाही. ‘भोळा वारकरी’ नावाचं जे चित्र शहरातल्या भिंतींवर टांगलं जातं, ते बरंचसं या कापाकापीतून तयार झालंय, असं माझं मत आहे.

अडीच मीटरवर आणखी एक गोष्ट होते: समोरच्याला तुम्ही दिसता. तो हात आडवा करू शकतो. ‘कुठल्या पेपरचे, माऊली?’ असं विचारू शकतो, आणि उत्तर द्यावं लागतं. रस्त्याकडेला टँकरखाली अंघोळ करणाऱ्या बाया, झाडाखाली पाय पसरून झोपलेली माणसं, यांचे फोटो पन्नास मीटरवरून काढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पस्तीसची लेन्स लावली की ते फोटो काढणं जवळजवळ अशक्य होतं. लेन्स माणसाला सज्जन करत नाही, पण चोरी अवघड करते. या बाबतीत दोन्ही लेन्स सारख्याच. तरी एक जोड: ज्या लेन्सने फोकस लवकर होतं, तिच्यामागे तुमचा चेहरा कमी वेळ लपलेला राहतो. पुन्हा स्कोपार.

झाइसला मी कमी लेखतोय असं वाटत असेल तर वारीची वाट सोडून इंदापूर तालुक्याच्या दुसऱ्या कडेला, उजनीच्या पाण्यावर या. धरणाच्या पाण्यात पळसदेवचं जुनं गाव बुडालं आणि पळसनाथाचं मंदिरही. पाणी फार उतरतं त्या उन्हाळ्यात ते दगडी मंदिर पुन्हा उघडं पडतं. तिथे काहीच पळत नाही. खांब सरळ हवेत, पाण्याची रेष सरळ हवी, दगडावरचा गाळाचा थर आणि कोरीव काम वेगळं कळायला हवं, आणि पाण्यावरून परतणारं ऊन थेट लेन्समध्ये घुसत असतं. इथे बिओगॉनचे सगळे गुण कामी येतात: वाकडेपणा नाहीसाच, कोपऱ्यापर्यंत तपशील, उलट्या उजेडाला दाद नाही. अपर्चर थोडं मिटलं की पाण्यावरच्या सूर्याची दहा किरणांची चांदणीही नेटकी येते. वेळ हवा तेवढा आहे, दांडा नसला तरी बिघडत नाही. तुमचे फोटो देवळांचे, वाड्यांचे, साखर कारखान्यांच्या चिमण्यांचे असतील तर जास्तीचे पैसे वाया जाणार नाहीत. (भिगवणच्या फ्लेमिंगोंसाठी मात्र दोन्ही निरुपयोगी. पस्तीसमध्ये फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी धूळ. त्यांच्यासाठी रेंजफाइंडर घरी ठेवून दुर्बीण न्या.)

आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, फक्त फोन आहे? फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या कोनाचा असतो. माणूस चौकटीत तेवढाच मोठा यायला तुम्हाला आणखी अर्धा-पाऊण मीटर पुढे जावं लागतं आणि कडेची माणसं ताणली जातात. त्यापेक्षा थोडं झूम करा, १.४ पटीच्या आसपास, म्हणजे पस्तीसचा कोन मिळतो. मग झूमला हात लावायचा नाही. दिवसभर तो कोन धरून चाललात तर कुठे उभं राहायचं हे पायांना कळायला लागतं, आणि या दोन लेन्सपैकी कोणती घ्यायची, की घ्यायचीच नाही, हेही कळेल.

बारामतीहून निघताना कॅमेऱ्यावर एकच लेन्स न्यायची तर मी स्कोपार नेतो. झाइस पिशवीत ठेवायचा मोह टाळावा, कारण दोन पस्तिशा बरोबर असल्या की माणूस रस्त्याकडेला बसून लेन्स बदलत राहतो आणि दिंडी पुढे निघून जाते. एक खबरदारी मात्र दोन्हींना लागू आहे. इंदापूरनंतर सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातलं जातं आणि काठावर पाणी चहूबाजूंनी उडतं. दोन्हीपैकी एकीलाही पाण्यापासून संरक्षण दिलेलं नाही. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, एका बाजूला भोक पाडून खिशात ठेवा. लेन्स तेवढी बाहेर, बाकी कॅमेरा आत.