‘दिवास्वप्न’ : तळमळ आणि तयारी

शिक्षकाच्या तळमळीवर भाषण असले की गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकाचे नाव हटकून येते. वकिली सोडून १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या या शिक्षणतज्ज्ञाने एका काल्पनिक शिक्षकाच्या तोंडून चौथीच्या वर्गातील वर्षभराचा प्रयोग त्यात सांगितला आहे. सुरतेच्या डिंडोलीत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती नि हिंदी. अशा वस्तीतला मुख्याध्यापक म्हणून मी हे पुस्तक मुळातून वाचतो, तेव्हा त्याची नेहमीची स्तुती मला अपुरी वाटते.

लोक या शिक्षकाच्या तळमळीला नमस्कार करून थांबतात. लेखकाने दाखविले आहे ते त्याच्या पुढचे. पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ पार फसतो, वर्गात गोंगाट होतो. शिक्षक मुलांना दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी गोष्ट घेऊन येतो. गोष्टीतून वाचनाची गोडी लागते, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते, व्याकरण खेळातून उलगडते. उत्साह पुष्कळांपाशी असतो. फसलेला बेत रातोरात बदलण्याची तयारी थोड्यांपाशी असते, आणि मुलांची कल्पकता जागी होते ती या तयारीमुळे.

पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे. हा शिक्षक स्वखुशीने आलेला. त्याला एकच वर्ग, एकच वर्ष. वर्षानुवर्षे त्याच फळ्यापुढे उभे राहणाऱ्यांची तळमळ टिकावी कशी, हे पुस्तक सांगत नाही.

त्याचे उत्तर ताराबाई मोडकांच्या कामात सापडते. भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम उभारले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघांची त्यांना साथ होती. मूल शाळेत येईना, तेव्हा बालवाडी आदिवासी पाड्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. एकाची तळमळ अशी अनेकांची कामाची रीत झाली.

डिंडोलीच्या मुलाचे अंगण म्हणजे त्याची अहिराणी. तो तीत गोष्ट सांगू लागताच ‘शुद्ध बोल’ म्हणून त्याला गप्प करणाऱ्या शिक्षकाची तळमळ काय कामाची? ती गोष्ट आधी पुरती ऐकावी, मग त्याच्याकडून मराठीत लिहून घ्यावी आणि शेजारच्या गुजराती मित्राला त्याच्या भाषेत सांगायला लावावी. ‘दिवास्वप्न’ वाचल्याची खूण मला यापेक्षा मोठी वाटत नाही.