साहित्याचा शिक्षक लिहितो कशासाठी?



मी विज्ञान शाखेतला. पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरांनी एक शोधनिबंध वाचायला दिला. तीनदा वाचला, पिवळ्या खुणा केल्या. मग सर म्हणाले, "आता न बघता एक पान लिही." दुसऱ्याच परिच्छेदात अडकलो. शब्द कळले होते, युक्तिवाद कळलाच नव्हता. लिहायला बसलो नसतो तर हे समजलंही नसतं.

साहित्याच्या शिक्षकाला तर वाचनाशिवाय दुसरं साधनच नाही. मग आपल्याला नीट कळलंय की नाही, हे तो कसं तपासणार?

विंदा करंदीकरांचं उदाहरण घ्या. आपण त्यांना ज्ञानपीठ मिळालेले कवी म्हणून ओळखतो, पण मुंबईत ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९५७ मध्ये त्यांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं. पुढे 'फाउस्ट', 'राजा लिअर' आणि १९८१ मध्ये ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चं अर्वाचीनीकरण केलं.

आता बघा, वर्गात 'मायमेसिस' हा शब्द फळ्यावर लिहून पुढे सरकता येतं. भाषांतर करणाऱ्याला ती सोय नाही. अनुकरण म्हणायचं, अनुकृती म्हणायचं, की आणखी काही? अनुकरण म्हटलं की नक्कल आठवते. पण शोकांतिका ही माणसांची नव्हे, कृतीची मायमेसिस असते, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. म्हणजे घटनांच्या जुळणीला तो किती महत्त्व देतो, हे कळल्याशिवाय शब्द निवडताच येत नाही. वाचनात निसटलेली जागा लेखनात अशी पकडली जाते.

आता तक्रारीची बाजू. बऱ्याच वर्गांत आजही गाईडमधल्या नोट्स उतरवून घेतल्या जातात. कवितेचा 'आशय' चार मुद्द्यांत येतो आणि कविता मात्र कोणी मोठ्याने वाचतही नाही. २०१० च्या यूजीसी नियमांनी पदोन्नतीसाठी एपीआय गुण आणले. त्यामुळे छापणं सक्तीचं झालं, पण लिहिण्याची गोडी नियमांनी लागत नाही. गुणांसाठी लिहिलेल्या लेखात लेखकाला स्वतःचा प्रश्नच नसेल, तर तो लेख वाचनाची परीक्षा घेत नाही, फक्त फाईल भरतो.

यावर कोणी म्हणेल, एक ओळही न छापता उत्तम शिकवणारे शिक्षक असतात. असतात, मान्य. पण छापणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. रोजच्या तासाआधी वहीत स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहिणारा शिक्षकही माझ्या हिशेबी लिहिणाराच. सगळ्यांनी विंदा व्हायची गरज नाही.

तुम्ही पेटची तयारी करत असाल तर आजच एक करा. आवडती एक कविता किंवा एक शोधनिबंध घ्या, मिटून ठेवा आणि एक पान लिहा. जिथे पेन थांबेल तिथे खूण करा. तुमच्या संशोधनाचा पहिला प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.