वर्षश्राद्ध, अल्बर्ट हॉलमध्ये

आज ज्या ध्वनिमुद्रिकेबद्दल आम्ही बोलणार आहोत, तिचं नाव 'कॉन्सर्ट फॉर जॉर्ज'. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला, वयाच्या ५८व्या वर्षी. बरोबर वर्षानं, त्याच तारखेला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याची मित्रमंडळी जमली. संगीताची सूत्रं एरिक क्लॅप्टनकडे होती. पुढच्या वर्षी दोन सीडी आणि डेव्हिड लीलँडचा चित्रपट आला.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वर्षश्राद्ध. गमतीनं म्हणत नाही आम्ही. श्राद्धात गेलेल्याची स्तुती करायची नसते, त्याचं देणं फेडायचं असतं. ही मैफल आम्हाला त्याच मापानं मोजावीशी वाटते.

आता पहिली सीडी. खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती वर्षानुवर्षं वगळलीच होती. थेट दुसरी लावायची, कारण मॅकार्टनी, रिंगो, टॉम पेटी सगळे तिथं. पहिलीवर सगळं पंडित रविशंकर आणि अनुष्का. म्हणजे नांदी, आणि नांदीला उशिरा पोचलं तरी चालतं, असा आपला समज. हा समज चुकीचा निघाला.

रविशंकर तेव्हा ८२ वर्षांचे होते. ते स्वतः वाजवत नाहीत. 'अर्पण' ही वीस मिनिटांहून मोठी रचना त्यांनी या प्रसंगासाठी केली आणि तिचं संचालन मुलीकडे दिलं. एका मंचावर भारतीय वादक, पाश्चात्त्य तंतुवाद्यं, गायकवृंद. मध्ये क्लॅप्टनची गिटारही येते. सगळीकडे ती सारखीच बांधेसूद आहे असं नाही. वृंद मोठा झाला की काही जागा चित्रपटाच्या पार्श्वसंगीताकडे झुकतात. पण जरा विचार करा, इथं गुरू शिष्याचं श्राद्ध करतोय. क्रम उलटा झालाय. मोठ्यानं धाकट्याला पाणी द्यायचं, याहून अवघड काय असतं? म्हणून 'अर्पण' ऐकताना आमच्या कानात मागून 'तर्पण' वाजत राहतं.

याच भागात 'द इनर लाइट' आहे. बीटल्सच्या त्या गाण्याचा वाद्यमेळ जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता आणि बासरीवर होते हरिप्रसाद चौरसिया. इथं जेफ लिन गातो, सतारीवर अनुष्का. लिनचा गळा साधा आहे, थोडा बिचकतच गातो, आणि तेच बरं वाटतं. मुंबईहून निघालेली वस्तू चौतीस वर्षांनी घरच्या माणसांच्या हाती परत आल्यासारखी ऐकू येते.

दुसऱ्या सीडीवर काही गाणी निव्वळ जशीच्या तशी आहेत. पेटीचं 'टॅक्समन' घ्या. नीट वाजवलंय, चूक काढायला जागा नाही, पण घरी मूळ तबकडी असताना ते पुन्हा कशासाठी ऐकायचं? आपल्याकडच्या 'आठवणीतली गाणी' छापाच्या संध्याकाळी हाच घोळ होतो. हुबेहूब म्हटलं की आदर दाखवून झाला.

मॅकार्टनीचं 'समथिंग' मात्र वेगळं आहे. तो युकुलेले घेऊन एकटा सुरू करतो. हॅरिसनच्या घरी जेवणानंतर युकुलेले बाहेर निघायची, त्याची ती आठवण. एवढं मोठं प्रेमगीत खेळण्याएवढ्या वाद्यावर! मग मागून सगळा ताफा येतो आणि गाणं पुन्हा आपल्या ओळखीचं होतं. आम्हाला विचाराल तर ताफा आला नसता तरी चाललं असतं.

पण या मुद्रिकेचं काळीज 'वा-वा' या गाण्यात आहे. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमी चालू असताना वैतागून हॅरिसन उठला, घरी गेला आणि हे गाणं लिहिलं. त्या वैतागात मॅकार्टनीचा वाटा मोठा होता. आणि २००२ मध्ये तेच गाणं वाजतंय तेव्हा मंचावर वाजवणाऱ्यांत मॅकार्टनी आहे, रिंगो आहे. ज्याच्यावरचा राग, तोच त्या रागाला साथ करतोय. भाषण नाही, माफीनामा नाही. त्या गर्दीत कोणाचं वाद्य कोणतं तेही धड कळत नाही, इतका गदारोळ आहे. हे देणं फेडणं, आणि तेही जाहीरपणे.

या सगळ्यात मुलगा धनी कुठं असतो? बाजूला, हातात गिटार, जवळजवळ प्रत्येक गाण्यात. चेहरा थेट बापाचा. त्याला मधोमध उभा करून बापाची गाणी गायला लावायचा मोह कोणालाही झाला असता. तो आवरला गेला. मॅकार्टनी मंचावरून ऑलिव्हिया हॅरिसनचं एक निरीक्षण सांगतो: धनीकडे पाहून वाटतं, जॉर्ज तरुणच राहिला आणि म्हातारे झालो ते आपण. लोक हसतात. आम्हीही हसलो, मग गप्प झालो.

एक तक्रार नोंदवायलाच हवी. 'अर्पण'नंतर लगेच त्या रात्री मॉन्टी पायथनवाले आले होते आणि त्यांनी चक्क वात्रटपणा केला. 'लंबरजॅक साँग'मध्ये टॉम हँक्ससुद्धा होता. पायथनच्या 'लाइफ ऑफ ब्रायन'साठी हॅरिसननं पैसे उभे केले होते, तेव्हा हेही ऋणच. २००३च्या सीडींवर हा भाग नाही. त्यासाठी चित्रपट पाहावा लागतो. शोक आणि टवाळी शेजारीशेजारी बसवण्याचं धाडस त्या रात्री होतं, मुद्रिकेनं ते कापून टाकलं. नुसती सीडी ऐकणाऱ्याला हॅरिसन आहे त्याहून गंभीर, जरा जास्तच साधू वाटतो.

शेवट जो ब्राऊन करतो. गाणं हॅरिसनचं नाही, १९२४ सालचं आहे. 'वा-वा'चा धुरळा खाली बसल्यावर एक म्हातारा गायक चार तारांचं ते वाद्य हातात घेतो आणि झोपायला जाताना म्हणावं तसं हलकेच म्हणतो. टाळ्या पडतात आणि सीडी थांबते.