चप्पल कव्हा निसटली, कळलंच नाही

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम भरात आला की बाजार समितीकडचा रस्ता क्रेटांनी लादलेल्या पिकअपनी तुंबतो. त्या गर्दीतून वाट काढत दवाखान्यात आलेला बागायतदार सांगतो, “डॉक्टर, चप्पल कव्हा निसटली, कळलंच नाही.” बाकावरचे हसतात, तोही हसतो. मधुमेही पाय तपासणाऱ्याच्या कानावर हे वाक्य वारंवार येतं, आणि त्या दुखण्याबद्दल याहून अचूक वाक्य मला मराठीत माहीत नाही.

त्याची रचना बघा. तक्रार पायाची, पण वाक्यात पाय हा शब्दच नाही. कर्ता चप्पल. तीही कोणी काढलेली नाही, आपली आपण निसटली. ‘मला’सुद्धा गळालंय. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन वर चढतो. पाय जसा माणसाच्या जाणिवेतून गेला, तसाच तो त्याच्या वाक्यातूनही गेला आहे. आणि शेवटचा ‘कळलंच’! कळ आणि कळणं यांत अक्षरं तीच. ज्या पायात कळ उठत नाही, त्याचं काय झालं ते धन्यालाही कळत नाही. ‘च’वर तो जो जोर देतो, त्यात थोडं नवल असतं आणि थोडी भीतीही. हसू त्या भीतीवर पांघरलेलं असतं.

पाय बघणाऱ्याची रोजची चिडचिड इथूनच सुरू होते. कुरूप झालेला माणूस लंगडत, कण्हत, त्याच दिवशी येतो. तळव्याला भोक पडलेला मात्र सावकाश येतो. फरशीवर रक्ताचे ठसे बायकोला दिसतात, किंवा मोज्याला वास येतो, तेव्हा. तोवर त्याने कुरूप समजून ब्लेडने कातडं तासलेलं असतं, कॉर्नकॅप चिकटवलेली असते, पाय शेकून पोळवलेला असतो. बधिर पायावर यातलं काहीही करू नये, हे प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं.

तपासणीतही गंमत होते. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून दाबायचा. 10 ग्रॅम जोराला तो वाकतो. तेवढा स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात. डोळे मिटायला सांगितलं की आजोबा एक डोळा किलकिला ठेवतात. धागा टेकण्याआधीच “लागतंय, लागतंय” म्हणतात. डॉक्टरांना नाराज कसं करायचं, हा त्यामागचा भाव. मला ही भलाई फार आवडते, आणि तीच तपासणी फसवते.

त्याआधीचा प्रसंग तर आपल्याच समाजात घडू शकतो. पाय माझ्या मांडीवर ठेवा म्हटलं की म्हातारा संकोचतो. “तुम्हाला पाय कसा लावू?” चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी ही माणसं. पुष्कळ विनवण्या झाल्यावर टाच टेकते, लगेच दोन्ही हात जोडले जातात. आजीबाईंचं वेगळंच. बोट सुजून जोडवं रुतलेलं असतं, पण ते उतरवायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. तिथे घाई करून चालत नाही. सुनेला बोलवावं, समजूत तिच्याकडून घालावी.

तालुक्याच्या गावी पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांचा तज्ज्ञ, अशी पाटी दिसत नाही. हे काम सर्जन, मधुमेहाचे डॉक्टर आणि ड्रेसिंग करणारे ब्रदर वाटून घेतात. मुंबईचे डॉ. अरुण बाळ, नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायाचं काम महाराष्ट्रात गंभीरपणे उभं केलं. गावाकडे मात्र आपल्याजवळ आधी भाषा आहे, आणि ती श्रीमंत आहे. चिखल्या म्हटलं की ओल्या सरीत तासन्‌तास उभे राहिलेले पाय दिसतात, कारण आणि दुखणं एकाच शब्दात. भेगा हा शब्द तर जमिनीला आणि टाचेला एकच. पायाला मुंग्या येतात म्हणणारा अजून वेळेत आहे. मुंग्या थांबल्या म्हणून खूश झालेल्याची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून घरातलं कुणी चप्पल निसटल्याची गोष्ट हसत सांगू लागलं, तर हसा, पण त्याच रात्री त्यांचा तळवा दिव्याखाली धरा. बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून बघा.