साक्षीदाराची स्मृती

‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले’ असे कोणी म्हटले की आपण सहसा वाद थांबवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा ‘आयविटनेस टेस्टिमनी’ (१९७९) हा ग्रंथ नेमका तेथून वाद सुरू करतो.

आठवताना मन भूतकाळाची नव्याने रचना करते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. लॉफ्टस यांनी तो विचार न्यायालयाच्या दारात नेऊन उभा केला. जॉन पामर यांच्यासह १९७४ साली त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ अशा अर्थाचे सौम्य क्रियापद असता सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल आले. ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचे असता ४० हून अधिक. दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर, ‘फुटलेली काच पाहिली काय?’ या प्रश्नाला तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘होय’ म्हणाले; साधे क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

चौकशीचे जबाब नोंदवण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला येथे थबकावेच लागते. आपला कायदा सरतपासणीत सूचक प्रश्नांना सामान्यतः मनाई करतो. परंतु साक्षीदार तेथवर पोहोचतो तो अनेकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन. जबाबाच्या कागदावर बहुधा उत्तर उतरते, प्रश्न उतरत नाही. मग स्मृती कोठे वळली, हे शोधायचे कसे?

ग्रंथाची उणीवही सांगितली पाहिजे. चित्रफीत पाहणारा विद्यार्थी आणि भयभीत साक्षीदार यांतील अंतर प्रयोगाने मिटत नाही. शिवाय ‘कोणत्याच साक्षीदारावर विश्वास नको’ असा सोयीचा निष्कर्ष घाईचा वाचक काढील. तो पीडितांवर अन्याय ठरेल. जॉन विक्स्टेड व गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये दाखवले की, ओळखपरेड निर्दोष पद्धतीने घेतली तर पहिल्याच वेळी खात्रीपूर्वक केलेली ओळख बरीच विश्वसनीय असते. नॉर्थ कॅरोलिनातील रोनाल्ड कॉटन यांच्या १९८४ च्या प्रकरणात पीडितेची पहिली ओळख अडखळत झाली होती. पोलिसांनी दुजोरा दिल्यावर ती पक्की झाली. डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरले, ते १९९५ मध्ये. तोवर दहा वर्षे तुरुंगात गेली होती.

या उणिवेसह ग्रंथ मोलाचा आहे. साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांनी तो अवश्य वाचावा.